पिंगळा आणि रानपिंगळा



आपल्या या पत्रिकेत बेण्याची निवड, खोडव्याची निगा, पाण्याच्या पाळ्या यांवर जाणकार मंडळी लिहीत असतात, आणि ते योग्यच आहे. या खेपेस संपादकांनी मजजवळ 'काहीतरी वेगळे' मागितले. वेगळे म्हणजे माझ्याजवळ एकच आहे. ऊस आणि संत्रा सोडून मी ज्या नादी लागलो तो नाद, म्हणजे रानातली न्यारी न्यारी जनावरे पाहत हिंडणे आणि जमल्यास त्यांचा फोटो काढणे. घरच्या मंडळींच्या मते हा निव्वळ रिकामटेकडेपणा आहे. तसे असेलही. तरी वाचून पाहावे.

सुरुवात आपल्यातल्याच एका फडापासून करतो. मागे एका हंगामात तोड चालू असताना टोळीतल्या एका बाईच्या कोयत्यापुढे, पाचटात, तीन पिल्ले निघाली. डोळे अर्धवट उघडलेले, अंगावर पुसट पट्टे, आणि एवढेसे असूनही फिस्स करून अंगावर येणारी. "बिबट्याची पिलं!" अशी एकच हाकाटी झाली. टोळी कोयते टाकून बांधावर. मुकादम म्हणाला, दुसरा फड दाखवा, इथे आमची माणसे जाणार नाहीत. मालक सभासद तर रडकुंडीला आला. "अर्धा ऊस तोडून पडला हाय, गाडी उभी हाय, वजन रोज घटून राह्यलं. मंग मी का करू, भाऊ?" त्याचेही खरेच होते. तोडलेला ऊस उन्हात किती हलका होतो ते तुम्हा-आम्हाला सांगायला नको. बघ्यांपैकी एकाने तोड सांगितली, की उरल्या उसाच्या पाचटाला काडी लावा, धुराने मायही पळेल आणि पिल्लांचाही प्रश्न मिटेल.

काडी लागायच्या आत मालकाच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाने एक काम केले. मोबाईलवर पिल्लांचे चार फोटो काढले. एक तोंडाचा, एक कानांचा, एक शेपटीचा, एक शेजारी कोयता ठेवून, म्हणजे आकार कळावा. ते वनरक्षकाकडे गेले. थोड्या वेळाने उत्तर आले: बिबट नाही, रानमांजर आहे. पिल्लांना हात लावू नका, दोन सऱ्या उभ्या ठेवा, माणसे दूर करा, माय रात्री येऊन घेऊन जाईल. तसे केले. सकाळी जागा रिकामी होती. दुपारी तोड पुन्हा सुरू झाली. नुकसान झाले ते एका दिवसाचे.

मला त्या दिवसापासून एक गोष्ट कळली, की आपण जनावर मारतो ते पुष्कळदा ते वाईट असते म्हणून नव्हे, तर ते कोण आहे हे आपल्याला ठाऊक नसते म्हणून. आणि ओळख पटवायला फोटोसारखे साधन नाही. तिकडे जुन्नर, नाशिक भागातल्या उसात तर बिबटही निघतो आणि 'वाघाटी' नावाचे मांजरही निघते. ही वाघाटी जगातल्या सर्वांत लहान रानमांजरांपैकी एक. पूर्ण वाढलेली असली तरी वजन दीड किलोच्या आसपास, म्हणजे आपल्या घरच्या बोक्यापेक्षाही कमी. अंगावर तांबूस ठिपके असल्यामुळे तिची पिल्ले तोडणीवाल्यांना हमखास बिबट्याची वाटतात. त्या भागात अशी पिल्ले टोपलीत घालून सापडल्या जागी ठेवतात, जवळ आपोआप फोटो काढणारा कॅमेरा लावतात, आणि रात्री माय येऊन एकेकाला मानगुटीला धरून नेते ते त्यात उमटते. मी ते फोटो पाहिले आहेत. उसाचा फड एवढा देखणा मला कधी दिसला नव्हता.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. ती एका पक्ष्याची आहे, आणि आपल्या मेळघाटाचा तिच्याशी जवळचा संबंध आहे.

पिंगळा सर्वांना माहीत आहे. गोठ्याजवळच्या आंब्याच्या ढोलीत राहणारे, मुठीएवढ्या डोक्याचे, वाटोळ्या पिवळ्या डोळ्यांचे छोटे घुबड. तिन्हीसांजेला चिरर्र चिरर्र करून भांडते. पहाटे दारी येऊन भविष्य सांगणारा पिंगळाही याच पक्ष्याच्या नावाचा. त्याला म्हणे या पाखराची भाषा कळते. पिंगळा बोलला की कोणाचे तरी वाईट होते, असे आमची आजी म्हणे, आणि मी लहानपणी त्याच धाकाने गलोलीने एक पाडला होता. आजी खूश झाली. मला मात्र ते उघडे डोळे पुष्कळ दिवस दिसत राहिले. असो.

या पिंगळ्याचा एक भाऊबंद आहे, रानपिंगळा. १८७२ साली आजच्या छत्तीसगडातल्या रानात ब्लेविट नावाच्या साहेबाला तो प्रथम मिळाला. पुढल्या वर्षी ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन केले आणि ब्लेविटचे नाव त्याला दिले. हे ह्यूम म्हणजे तेच, ज्यांनी पुढे १८८५ साली काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेतला. पाखरांचा त्यांना मोठा नाद. त्यानंतर काही थोडे पक्षी मिळाले. १८८४ साली जेम्स डेव्हिडसन या इंग्रज अधिकाऱ्याला खानदेशात तळोद्याकडे मिळाला, तो शेवटचा. जगभरच्या संग्रहालयांत मिळून या पक्ष्याची सात कातडी जमा झाली, आणि पक्षी स्वतः मात्र नाहीसा झाला.

नाहीसा म्हणजे कसा? एक वर्ष नाही, दोन वर्षे नाही. एकशे तेरा वर्षे. आपल्या पणज्याच्या काळात हरवलेले पाखरू! सालिम अली, डिलन रिप्ले यांच्यासारख्या नामांकित पक्षितज्ज्ञांनी शोध घेतला, हाती काही आले नाही. १९६८ साली नागपूरकडे रानपिंगळा दिसल्याची वार्ता उठली. फोटोदेखील दाखवले गेले. पण जाणकारांनी ते बारकाईने पाहिले तेव्हा तो आपला साधा, ठिपक्यांचा पिंगळाच निघाला. काढणाऱ्याचा काही खोटेपणा असेल असे मी म्हणत नाही. मनात जे पाहायचे असते तेच डोळ्याला दिसते, एवढेच. पण फोटो होता म्हणून चूक उघडी पडली, नुसती तोंडी वार्ता असती तर ती तशीच चालत राहिली असती.

खोटेपणा झाला तो दुसऱ्याच ठिकाणी, आणि तो ऐकण्यासारखा आहे. रिचर्ड माइनर्टझहागन नावाचा एक इंग्रज कर्नल होता. पक्ष्यांचा मोठा संग्राहक म्हणून विलायतेत त्याचा दबदबा. त्याच्या संग्रहात एक रानपिंगळा होता आणि त्यावर चिठ्ठी होती, की हा १९१४ साली गुजरातेत मांडवी येथे मिळाला. या चिठ्ठीवर विश्वास ठेवून शोधणारे गुजरातेत हिंडले. पुढे पामेला रासमुसेन या अमेरिकन बाईंनी आणि नायजेल कॉलर यांनी ते कातडे नीट तपासले. आतला कापूस, शिवण, हाडांची ठेवण, सगळे पाहिले. तेव्हा असे निघाले, की हा डेव्हिडसनने खानदेशात मिळवलेलाच पक्षी. कर्नलसाहेबांनी तो ब्रिटिश संग्रहालयातून उचलला, पुन्हा शिवला आणि वर आपल्या नावाची चिठ्ठी लावली! काट्यावर दुसऱ्याच्या उसाची गाडी आपल्या नावावर घालणारे बहाद्दर आपण ऐकून आहोत; हा त्यांचाही गुरू म्हणायचा.

गुजरातची चिठ्ठी खोटी हे कळल्यावर रासमुसेन बाईंनी ठरवले, की खऱ्या जागांवरच जाऊन पाहायचे. १९९७ च्या नोव्हेंबरात बेन किंग आणि डेव्हिड ॲबट हे दोघे सोबती घेऊन त्या आल्या. पूर्वेकडच्या जुन्या जागा आधी धुंडाळल्या, काही नाही. मग खानदेशात आल्या. २५ नोव्हेंबरच्या सकाळी, साडेआठच्या सुमारास, शहाद्याजवळच्या रानात एका उघड्या फांदीवर छोटे घुबड उन्हात बसलेले किंग यांना दिसले. डोक्यावर ठिपके नाहीत. पोट पांढरे. तोच तो. त्यांनी आधी काय केले असेल? व्हिडिओ घेतला, फोटो काढले. टाळ्या, आनंद सगळे मागाहून. कारण पाखरू उडून गेले असते आणि हातात चित्र नसते, तर नागपूरच्या वार्तेत आणखी एका वार्तेची भर, एवढेच झाले असते.

आधीचे सातही रानपिंगळे जगाला मेलेले, कापूस भरलेले माहीत होते. आता पहिल्यांदा जिवंत रानपिंगळ्याचे चित्र जगासमोर आले. बंदुकीने जे काम ज्या रीतीने केले तेच कॅमेऱ्याने केले, आणि पाखरू फांदीवर तसेच राहिले.

मग शोधाची लाट आली. मुंबईच्या नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या अभ्यासकांनी सातपुड्याची राने पालथी घातली. तोरणमाळ, यावल, मध्य प्रदेशातला खंडवा-बुऱ्हाणपूरचा पट्टा आणि आपला मेळघाट, अशा ठिकाणी रानपिंगळा सापडत गेला. आज जेवढे रानपिंगळे माहीत आहेत त्यांतला मोठा वाटा मेळघाटाचा आहे. ही अमरावती जिल्ह्याची मालमत्ता आहे असे म्हटले तरी चालेल. २०१८ साली जागतिक यादीत त्याला 'अतिसंकटग्रस्त' या पायरीवरून एक पायरी खाली, 'संकटग्रस्त' असे ठेवले. म्हणजे धोका टळला असे नाही, जरा श्वास मिळाला.

दोघांतला फरक सांगतो. पिंगळ्याच्या डोक्यावर आणि पाठीवर पांढरे ठिपके दाट असतात, जणू रांगोळीचा हात झटकला. रानपिंगळ्याचे डोके करड्या-तपकिरी रंगाचे, जवळजवळ साफ. पंखांवर आणि शेपटीवर रुंद पांढरे पट्टे. छाती गडद, तिच्याखाली पोट आणि पाय एकदम पांढरेशुभ्र. डोके मोठे, चोच आणि नख्या दणकट. लांबी वीतभर, सुमारे २३ सेंटिमीटर, म्हणजे पिंगळ्यापेक्षा काही फार मोठा नाही. नवख्याला फसवायला पुरेसा सारखा. आणि सवयी उलट्या. पिंगळा झाकट पडल्यावर जोरात येतो, रानपिंगळा भर दिवसा शिकार करतो. सापसुरळ्या, सरडे, उंदीर, नाकतोडे. सागाच्या विरळ रानात उंच वाळक्या फांदीवर बसतो आणि शेपटी डावी-उजवीकडे झटझट हलवतो.

रानातली जनावरे पाहून त्यांचे चित्र काढून ठेवावे हे माणसाला काही कॅमेरा आल्यावर सुचलेले नाही. याचा पुरावा आपल्याच उंबरठ्यावर आहे. अमरावतीचे डॉ. विजय इंगोले आणि त्यांचे सोबती, ही पक्षी पाहत रानोमाळ हिंडणारी मंडळी. २७ जानेवारी २००७ रोजी ते गाविलगडाच्या डोंगररांगेत, आपल्या जिल्ह्यातल्या धारूळ गावाच्या उत्तरेस, हद्द ओलांडून बैतूलच्या बाजूला, अंबादेवीच्या गुहेच्या परिसरात गेले होते. तिथल्या खडकांच्या कपारींत त्यांना चित्रे दिसली. मग वर्षानुवर्षे ते जात राहिले आणि एकामागून एक अशा कितीतरी कपारी उजेडात आल्या. खडकावर रंगवलेली आणि खडकात कोरलेलीही चित्रे. जनावरे, पक्षी, माणसे. गेरू घोळून, बोटाने नाहीतर काडीने, कोणीतरी हजारो वर्षांपूर्वी आपण पाहिलेले जनावर भिंतीवर ठेवून दिले.

पाखरे पाहणाऱ्यांनाच ही चित्रे दिसली, यात मला नवल वाटत नाही. गुराखी त्या कपारींत पावसाला बसतच असणार. पण दुर्बीण घेऊन हिंडणाऱ्याला एक सवय लागते, समोरचे दगड-झाड सावकाश, कानाकोपऱ्यासकट पाहायची. भोपाळजवळची भीमबेटकाची चित्रेही आपल्या विष्णू श्रीधर वाकणकरांनी १९५७ साली अशाच नजरेने हेरली. रेल्वेतून जाताना खडक पाहिले आणि मन लागेना म्हणून तिथे गेले. तिथे एका खडकावर शिंगाचे, डुकरासारखे एक प्रचंड जनावर काढले आहे. असे जनावर कधी नव्हतेच. म्हणजे त्या काळचा चित्रकार पाहिलेलेही काढी आणि मनातलेही काढी. फोटोवाल्यांना ही चैन नाही.

आणखी एक गंमत. चाळीसगावजवळ पाटणे म्हणून गाव आहे. तिथे १९७० च्या दशकात सालीसाहेबांनी उत्खनन केले तेव्हा शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे तुकडे मिळाले, आणि एकावर रेघारेघांची नक्षी कोरलेली. सुमारे पंचवीस हजार वर्षांपूर्वीची! शहामृग, जो आता आफ्रिकेत जाऊन पाहायचा, तो एकेकाळी आपल्या तापीच्या आजूबाजूला हिंडत होता. हैदराबादच्या शास्त्रज्ञांनी २०१७ साली भारतात मिळालेल्या अशा कवचाच्या अंशांवरून शहामृगाचे वास्तव्य पक्के केले. खानदेशातल्या एखाद्या आदिम बाईने नाहीतर बुवाने ते कवच हातात घेऊन, दगडाच्या टोकाने, डोळे बारीक करून नक्षी कोरली असेल. तिला कोणी रिकामटेकडी म्हटले होते की काय, कोण जाणे.

नीट न पाहता काढलेल्या चित्राचीही एक गोष्ट आहे. १५१५ साली गुजरातच्या सुलतानाने भेट दिलेला गेंडा पोर्तुगीजांनी गोव्याहून जहाजात घालून लिस्बनला नेला. तिकडे गेंडा कोणी पाहिलेला नव्हता, केवढा गवगवा झाला. जर्मनीत आल्ब्रेख्त ड्यूरर नावाचा थोर चित्रकार होता. त्याने गेंडा पाहिलाच नाही. कोणाचे पत्र आणि एक कच्ची आकृती पाहून चित्र काढले. अंगावर चिलखताचे पत्रे, खिळे, आणि मानेवर एक जास्तीचे शिंग! चित्र इतके झकास उतरले, की पुढे दोन-अडीचशे वर्षे युरोपात गेंडा म्हणून तेच छापत राहिले. उलट आपल्याकडे जहांगीर बादशहाकडे १६२१ साली झेब्रा आला, तेव्हा हे पट्टे कोणी रंगवले तर नाहीत ना, अशी शंका निघाली. बादशहाने आधी खात्री करून घेतली, आणि मग उस्ताद मन्सूरने त्याचे चित्र काढले. ते आज लंडनच्या संग्रहालयात आहे. पाहिलेच पाहिजे असे ते चित्र आहे. एकेक पट्टा मोजून घ्यावा.

आता काही सभासद म्हणतील, आणि मला तोंडावर म्हणालेही आहेत, "तुमचं कौतुक ठीक हाय, पन आमच्या वावरात रोही घुसते, डुकरं रात्रीत फड लोयवतात, त्यायचा का फोटो काढू?" हे बोलणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. मी स्वतः रानडुकरांपायी एका वर्षी कडेच्या बारा-पंधरा सऱ्या गमावल्या आहेत. मचाणावर रात्री जागून काढणाऱ्याला वन्यप्राण्यांचे सौंदर्य सांगू नये, हे मला कळते. त्याने फोटो काढावाच, पण तो नुकसानीचा, पायांच्या ठशांसकट, पंचनाम्याच्या कामी येईल असा. रोही आणि डुकरांचा बंदोबस्त हा वेगळा, मोठा विषय आहे आणि त्यावर वार्षिक सभेत बोलले पाहिजे.

पण त्या दोघांच्या रागात आपण बाकीच्यांना भाजून काढतो, हे बरोबर नाही. खवल्या मांजराचे पाहा. नाव मांजर, पण मांजराशी काडीचा संबंध नाही. तोंडात दात नाहीत. लांब जीभ वारुळात घालून मुंग्या आणि उधई खाते, ज्या उधईपायी आपण बेण्याला औषध लावतो. अंगावर खवले, ते आपल्या नखाच्याच जातीचे. भ्याले की चेंडूसारखे गुंडाळून घेते, पळत नाही. आणि म्हणूनच माणसाच्या हाती अलगद सापडते. त्या खवल्यांत औषधी गुण आहे या अफवेपायी हे गरीब जनावर देशोदेशी संपत चालले आहे. तीच गत मांडुळाची. शेपूट बोथट म्हणून 'दुतोंड्या', आणि दुतोंड्या म्हणून लाखांची बोली. मांडूळ हे उंदीर खाणारे, बिनविषारी, मातीत राहणारे सापडे. त्याच्या फोटोवर सौदे करणारे आणि घेणारे दोघेही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आत जातात. सभासदांच्या पोरांनी हे मनावर घ्यावे. फोटो काढावा, कौतुक करावे, आणि कोणी 'किती वजनाचे आहे' असे विचारू लागला तर फोन ठेवून द्यावा.

आणि गव्हाणी घुबड. गोठ्यातल्या गव्हाणीच्या आसऱ्याने राहणारे म्हणून गव्हाणी. पांढऱ्या, बदामाच्या आकाराच्या तोंडाचे, म्हाताऱ्या बाईने पदर ओढून घ्यावा तसे दिसणारे. आपल्या कारखान्याची गव्हाण वेगळी, गोठ्याची वेगळी, पण हे पाखरू दोन्हीकडच्या उपयोगाचे. उसाची कांडी कुरतडणारे उंदीर हेच त्याचे खाणे. रात्री त्याचा फूत्कार ऐकून कोणी काठी उचलते, दिवाळीच्या आगेमागे कोणी मंत्रतंत्रासाठी विकत मागते. लक्ष्मीचे वाहन म्हणायचे आणि लक्ष्मीपूजनाला त्याचाच जीव घ्यायचा, हा हिशेब मला आजवर जुळलेला नाही.

उपयोगाचे बोललो, कारण शेतकऱ्याला उपयोग सांगावा लागतो. पण खरे सांगायचे तर मी उपयोगासाठी पाहत नाही. सरड्याचा काय उपयोग? तरी साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर मी एकदा मुद्दाम मे महिन्याच्या उन्हात गेलो होतो. पवनचक्क्यांच्या खाली, दगडावर, वीतभर सरडा. मादी जवळ आली की नर गळ्याखालचा पंखा उघडतो. निळा, काळा, केशरी. उघडतो, मिटतो, उघडतो. पैठणीचा पदर कोणी वाऱ्यावर धरावा तसे. २०१६ साली शास्त्रज्ञांनी या सरड्यांचा एक नवा गट ठरवला आणि त्याला शास्त्रीय नाव काय दिले असेल? 'सरडा'. आपला मराठी शब्द जसाच्या तसा. आज जगातल्या कोणत्याही देशातल्या प्राध्यापकाला त्या गटाबद्दल लिहायचे तर 'सरडा' असेच लिहावे लागते. मला याचा जो आनंद झाला तो साखरेला चांगला उतारा लागल्यावर होतो तसा होता.

नवशिक्यांसाठी दोन शब्द. भारी कॅमेरा लागत नाही. आधी नुसते पाहायला शिकावे. सकाळी पाण्याची पाळी द्यायला जातो त्या वेळी बांधाच्या एकाच झाडाखाली पंधरा मिनिटे उभे राहावे. जनावराच्या डोळ्यांच्या उंचीवर यावे. उभ्याने वरून काढलेला फोटो पंचनाम्याचा दिसतो. ऊन पाठीमागे घ्यावे. घरट्यावर जाऊ नये, ढोलीत मोबाईलचा उजेड मारू नये, पाखराचा आवाज वाजवून त्याला बोलावू नये. विणीच्या दिवसांत आईबाप घाबरून दूर राहिले तर पिल्ले उपाशी मरतात. दुर्मीळ पक्षी दिसला तर जागेचा पत्ता गावभर करू नये. रानपिंगळा मी नेमका कोठे पाहिला, हे मी इथेही लिहिणार नाही. रागावू नये.

तर तो कसा पाहिला तेवढे सांगून थांबतो. पौषातली थंडी. परतवाड्याहून वर चढून मेळघाटात गेलो, रीतसर परवानगी काढून. सोबत कोरकू समाजातला एक तरुण वाटाड्या आणि आपल्यातलेच एक वयस्क सभासद काकाजी. त्यांना वाघ दाखवतो असे सांगून मी नेले होते, ही माझी लबाडी. सकाळी सातला रानात शिरलो. तास झाला, दीड तास झाला. काकाजी मफलरीतून एकसारखे मला बोलत होते. एवढ्यात वाटाड्याने नुसता हात वर केला. पुढे साग विरळ झाला होता आणि एका वाळक्या झाडाच्या शेंड्यावर, उन्हात तोंड करून, ते बसले होते.

काकाजींनी पाहिले आणि मोठ्याने म्हणाले, "अन् हे पाह्यासाठी मले एवढ्या थंडीत आनलं काय बाप्पा? हा तं पिंगया व्हय. माह्या गोठ्याच्या आंब्यावर रोज बसते."

वाटाड्या हळूच म्हणाला, "डोक्यावर पाहा, काकाजी. ठिपके आहेत का?"

मी दुर्बीण दिली. काकाजींनी ती आधी उलटी धरली, मग सुलटी. बराच वेळ गेला. "नाई," ते म्हणाले, आवाज आता उतरलेला. "साफ हाय डोक्सं. अन् पोट पांढरं, हाव." मग त्या पाखराने शेपटी झटकली, डावी-उजवी, डावी-उजवी, आणि काकाजी एकदम हसले. पाखराने मान वळवून आमच्याकडे पाहिले. दोन पिवळे डोळे. मला माझी गलोल आठवली. मी बटण दाबले तेव्हा हात हलला असावा, कारण फोटोत एक करडा ठिपका आणि त्याच्यामागे सगळे आभाळच आले आहे. दुसरा काढेपर्यंत ते खाली गवतात झेपावले, आणि पुन्हा वर आले तेव्हा चोचीत सापसुरळी होती आणि काकाजी दुर्बीण परत द्यायला तयार नव्हते.

दुसऱ्या दिवशी रात्री त्यांचा फोन आला. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "भाऊ, माह्यावाल्याले ठिपके हायेत. आत्ताच टॉर्च न मारता पाह्यले, पोर्णिमेच्या उजेडात. दोन हायेत, जोडा हाय. साठ वर्सं झाली तिथं बसतात, मी कधी मान वर करून पाह्यलंच नवतं."